पुरुषांचं मन आणि मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आठवड्यातून दोन सकाळी स्वयंसेवक म्हणून बसतो. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खोलीत जायचं, एवढं सांगायला. त्याआधी मी स्वतः त्याच बाकावर पेशंट म्हणून बसलो आहे. तिथे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे उतरवले आहेत. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात : बायको, आई, बहीण. पुरुष विचारतात तेव्हा ते बहुधा निघताना, चपला घालता घालता विचारतात.

त्रास तर सगळ्यांनाच होतो. मग पुरुषांचं वेगळं काय काढलंत?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यातले १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांतले सात. त्या वर्षी राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता : २२,७४६.

दुसरीकडे, नैराश्याचं निदान बायकांमध्ये जास्त होतं. बायकांचा त्रास कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ओपीडीत बसून तसं म्हणणं शक्यच नाही. पण बाई निदान बहिणीपाशी, शेजारणीपाशी रडते आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. पुरुषाचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्याचं स्वतःच्याही लक्षात येत नाही. 'बायकांसारखा रडतोस काय' हे वाक्य पाच वर्षांच्या पोराला आपणच ऐकवलेलं असतं. चाळिशीत तो बोलत नाही म्हणून आपणच कपाळाला हात लावतो.

घरातल्या पुरुषाला त्रास होतोय हे ओळखायचं कसं? ते तर काहीच बोलत नाहीत.

माझंच सांगतो. कंपनीतून घरी आलो की मी गाडी स्टँडवर लावायचो आणि तसाच सीटवर बसून राहायचो. किल्ली हातात, हेल्मेट डोक्यावर. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. वर घरात दिवा दिसायचा, कुकरच्या शिट्या ऐकू यायच्या आणि दोन मजले चढायचं बळ नसायचं. उशीर का झाला विचारलं तर 'फोन आला होता' म्हणायचो. याला काही नाव असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मला वाटायचं, मी आळशी झालोय.

पुरुषाचं नैराश्य पुष्कळदा रडवेलं नसतं, चिडकं असतं. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं, पोरांच्या आवाजाचा त्रास होणं, रस्त्यावर कुणी कट मारला की त्याचा पाठलाग करणं. त्याबरोबर पहाटे तीन-चारला जाग येते आणि परत डोळा लागत नाही. भूक जाते, किंवा नको तेवढी वाढते. पूर्वी ज्या गोष्टीसाठी जीव टाकायचा, मग ती क्रिकेटची मॅच असो, भजनी मंडळ असो, गोठ्यातली बैलं असोत, तिच्याकडे तो ढुंकून पाहत नाही. हिशेबात चुका होतात. साधा निर्णय घेता येत नाही. दारूचं प्रमाण वाढतं, गाडी वेगात चालवली जाते, रात्री दोनपर्यंत मोबाइल हातात असतो. आणि अंग दुखतं : पाठ, मान, डोकं, पोट. पाठदुखीवर वर्षभर मलम चोळून मग मानसोपचार विभागात आलेले लोक मी पाहिले आहेत.

यातल्या तीन-चार गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज दिसत असतील आणि कामावर, घरावर परिणाम होत असेल, तर दाखवायला हवं. 'मूड ठीक नाही' म्हणून सोडून देण्याची ती वेळ नाही.

मला उदास वगैरे काही वाटत नाही. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, श्वास अडकतो. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल आहे.

ईसीजी काढलात ते बरं केलंत. छातीतलं दुखणं आधी हृदयाचं नाही ना हे पाहायलाच हवं. पण रिपोर्ट चांगले आणि झटके मात्र येतच राहतात, असं असेल तर तो पॅनिक अटॅक असू शकतो. भीतीची यंत्रणा कारण नसताना सुरू होते, दहा-पंधरा मिनिटांत कळस गाठते आणि ओसरते. त्या मिनिटांत माणसाला खरोखर वाटतं की आता आपण मरणार. तो नाटक करत नसतो. यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

उलटंही असतं. थायरॉइड बिघडलं, बी-१२ कमी झालं, शुगर वाढली तर थकवा, चिडचिड, उदासी येते. म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतात. त्या टाळू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी मोठ्याने विचारत नाही. 'लघवीतून धातू जातो, म्हणून अशक्तपणा आलाय' असं मानून तरुण मुलं भिंतीवरच्या जाहिराती वाचून हजारो रुपये घालवतात. वीर्य जाण्याने शरीर खंगत नाही. पण त्या भीतीमागे चिंता किंवा नैराश्य बरेचदा असतं, आणि मानसोपचारतज्ज्ञांना ही तक्रार चांगली ठाऊक असते. तुम्ही सांगितलंत म्हणून ते हसणार नाहीत.

दाखवायचं नेमकं कुणाला? सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, सगळे एकच का?

नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस झाल्यावर या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. समुपदेशक मात्र कुणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो, म्हणून त्यांचं शिक्षण काय झालंय ते विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर झोप-भूक उडाली असेल, कामावर जाणं बंद झालं असेल, मरणाचे विचार येत असतील तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि यांपैकी कुठलीच पाटी पाहून आत शिरायचं धाडस होत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ज्यांच्याकडे खोकल्याला जाता त्यांनाच सांगा, 'डॉक्टर, झोप येत नाही, कशात मन लागत नाही.' सुरुवात तिथूनही होते.

पहिल्या दिवशी तिथे काय होतं? मला त्या दारातून आत जायचीच भीती वाटते.

ही भीती मला पाठ आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

सकाळी साडेआठच्या सुमाराला खिडकीवर रांग असते. नाव, वय, पत्ता सांगितला की केसपेपर मिळतो. खोली क्रमांक विचारताना आवाज बारीक होतो, सगळ्यांचाच होतो. माझाही झाला होता. 'मानसोपचार' हा शब्द तोंडातून निघेना, तेव्हा खिडकीमागच्या ताईंनी मान वर न करता 'एकवीस नंबर, जिन्याच्या डावीकडे' असं सांगितलं, जसं डोळ्यांच्या किंवा दातांच्या पेशंटला सांगतात तसंच. मला फार हलकं वाटलं होतं.

बाहेरच्या बाकावर सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. परीक्षेच्या ताणाने आलेली कॉलेजची पोरं, विसरभोळे झालेले आजोबा, दारू सोडायला आलेले ड्रायव्हर, बाळंत झालेली सून आणि तिची सासू. ज्या 'वेड्यांची' तुम्हाला धास्ती असते ते तिथे कुणी नसतात. तुमच्यासारखेच लोक असतात, हातात पिशवी घेतलेले.

आत गेल्यावर डॉक्टर विचारतात : काय त्रास, किती दिवसांपासून, झोप कशी, जेवण कसं, काम काय करता, घरी कोण कोण, दारू-तंबाखू, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. 'जीव द्यावासा वाटतो का' हेही विचारतात. हा प्रश्न सगळ्यांना असतो, दचकू नका. खरं असेल ते सांगा. सोबतच्या माणसासमोर बोलायचं नसेल तर 'मला एकट्याला बोलायचंय' म्हणा, त्यांना बाहेर बसवतात. सरकारी ओपीडीत गर्दी असते, पहिल्या भेटीत पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. म्हणून आदल्या रात्री चार ओळी कागदावर लिहून घ्या. तिथे बसल्यावर काही आठवत नाही.

भरती करून शॉक देतील का?

ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांना गोळ्या आणि पुढची तारीख मिळते, आणि ते त्याच दिवशी घरी जातात. शॉक, म्हणजे ईसीटी, हा ठरावीक गंभीर आजारांतला उपचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यास बंदी घातली आहे. सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही.

गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात म्हणे. सवय लागते ना?

दोन वेगवेगळ्या गोळ्यांची इथे नेहमी गल्लत होते.

नैराश्यावरच्या गोळ्यांची, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, दारूसारखी चटक लागत नाही. त्या लगेच काम करत नाहीत. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या याच काळात पुरुष औषध सोडतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं असं होतं; गुण दिसत नाही, त्रास मात्र दिसतो; मग 'मला सूट होत नाही' म्हणून पाकीट फडताळात जातं. तेवढे दिवस कळ काढा, आणि त्रास सोसत नसेल किंवा घालमेल, नको ते विचार वाढले तर डॉक्टरांना लगेच कळवा. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर बंद केलं तर आजार उलटतो. बंद करतानाही हळूहळू कमी करत, डॉक्टरांना विचारून. काहींना जास्त काळ घ्यावी लागतात, जशी बीपीची गोळी घ्यावी लागते.

झोपेच्या गोळ्यांचं वेगळं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय खरोखर लागते. म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठीच देतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्महिने घेत राहणं हा उपचार नव्हे.

गोळ्यांनी पुरुषपणावर परिणाम होतो का?

हा तो चपला घालतानाचा प्रश्न.

काही गोळ्यांनी होतो. इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला वेळ लागणं असे परिणाम काही जणांना जाणवतात. ते कायमचे नसतात असा बहुतेकांचा अनुभव असतो, आणि डोस कमी करून, औषध बदलून किंवा दुसरं जोडून डॉक्टर त्यावर मार्ग काढतात. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं. न सांगता गोळ्या सोडणारे फार आहेत. मीही सोडल्या होत्या, आणि पाचव्या आठवड्यात होतो तिथेच परत आलो. शिवाय नैराश्यानेच इच्छा मरते, हेही ध्यानात ठेवा. बऱ्याच जोडप्यांचं गणित औषधाने सुधारतं.

बायकोलाही सांगून ठेवा. तिला वाटतं, आपलंच काही चुकलं.

आमच्याकडे हे रोज पितात. आधी दारू सोडवायची की आधी मन?

दोन्ही एकत्र. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा मानसिक विकारांचं प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के आणि बायकांत ७.५ टक्के आढळलं. या फरकात दारूच्या व्यसनाचा वाटा मोठा आहे. पुरुष झोप यावी म्हणून पितो. दारूने झोप लागते पण पहाटे मोडते, दुसऱ्या दिवशी मन आणखी खचतं, मग संध्याकाळी पुन्हा घोट. उदासी आधी की दारू आधी याचा छडा लावत बसायला घरच्यांनी वेळ घालवू नये.

एक धोक्याची सूचना मात्र नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट येणं, नसलेली माणसं दिसणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आईची शपथ घालून खोलीत कोंडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन हा टप्पा पार पडतो.

पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. दारू सोडलेली माणसं तिथे नव्याने आलेल्यांना आधार देतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट. त्याच्या बैठका गावोगावी होतात, फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. बायकांसाठी, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. तो येत नसेल तर तुम्ही जा, वहिनी. खरंच जा.

गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, जास्त पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी मोजक्या भेटींत समुपदेशन केलं. त्याचा चांगला उपयोग झाला, आणि निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तिथे नेमकी काय जादू होती? एक माणूस समोर बसून, ओरडा न करता, ऐकत होता.

खर्च किती येतो? आणि ऑफिसात कळलं तर?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, हा विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल इथे मोठे विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना माहीत असतात ती चेष्टेमुळे, 'येरवड्याला पाठवा याला' वगैरे. तिथेही ओपीडी चालते आणि लोक बरे होऊन आपल्या गाड्या चालवत घरी जातात. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. डॉक्टर तुमच्या साहेबाला फोन करत नाहीत. रजेसाठी दाखला लागला तर त्यावर काय लिहिणार हे डॉक्टरांनाच आधी विचारा. आरोग्य विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं लागतं. बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्च मात्र मिळत नाही, भरती झालात तरच. पॉलिसीचा कागद एकदा काढून वाचा. ड्रायव्हर, क्रेनवाले, मशिनवर काम करणारे यांनी आपलं काम काय ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, काही औषधांनी सुरुवातीला गुंगी येते.

आम्ही गावाकडे राहतो. इथे सायकियाट्रिस्ट कुठला? आणि सावकाराचं कर्ज आहे, ते गोळीने फिटणार आहे का?

कर्ज गोळीने फिटत नाही. हे तोंडावर मान्य करावं लागतं, नाहीतर शेतकरी उठून निघून जातो, आणि त्याचं बरोबर असतं. पाऊस, भाव, बँक, पोरीचं लग्न हे सगळे खरे प्रश्न आहेत. पण ज्या माणसाला चार रात्री झोप नाही त्याला बँकेत पुनर्गठनाचा अर्जसुद्धा धड भरता येत नाही. डोकं चालायला लागलं की प्रश्न तेवढाच राहतो, पण माणूस त्याच्यासमोर उभा तरी राहू शकतो.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ताण, नैराश्य, दारू यांविषयी लोकांच्याच शब्दांत बोलायला सुरुवात केली. 'तुम्हाला मानसिक आजार आहे' असं म्हटलं की दार बंद. 'टेन्शन आहे का, झोप लागते का' विचारलं की खाट पुढे सरकवली जाते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण उपक्रमाआधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतर ते २७.२ टक्क्यांवर गेलं. तोच समाज, तेच पुरुष, सहा पट जास्त.

त्यामुळे 'आमच्याकडचे पुरुष बोलतच नाहीत' हे मला पटत नाही. विचारायची भाषा बदलली की बोलतात.

आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. १०४ हा राज्याचा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे. आणि १४४१६ लक्षात ठेवा : केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोन करताना भिंतीलाही ऐकू जाईल अशी भीती वाटत असेल तर शेतावर जाऊन करा.

नवरा यायलाच तयार नाही. 'मला वेडा ठरवतेस का' म्हणतो. काय करू?

'तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे' या वाक्याने सुरुवात करू नका, त्याला त्यात आरोप ऐकू येतो. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच बोला : 'तुम्ही पंधरा दिवस नीट झोपला नाहीत, मी बघतेय. झोपेसाठी तरी दाखवू या.' झोपेची लाज कुणाला नसते. भांडणानंतर, दारू चढलेली असताना, सासरच्या माणसांसमोर हा विषय काढू नका. समोरासमोर बसवून तर नकोच. पुरुष शेजारी असताना जास्त बोलतात : गाडीवर मागे बसल्यावर, मळ्यात पाणी धरताना, भाजी निवडताना. त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एखादा माणूस, मामा, जुना शिक्षक, मित्र, त्याच्याकरवी निरोप पोचवा. तोवर तुम्ही एकट्या जाऊनही डॉक्टरांचा किंवा टेलिमानसचा सल्ला घेऊ शकता.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. आजारी आहे म्हणून मारहाण सोसायची नसते. तो आजारी असेल, तरी तुम्ही आणि मुलं आधी सुरक्षित जागी जा, बाकीचं नंतर.

मित्र हल्ली 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असं म्हणतो. सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात भलतंच येईल का?

नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर पडायला वाट मिळते. स्पष्ट विचारा : 'जीव द्यायचा विचार येतोय का?' 'भलतंसलतं काही करणार नाहीस ना?' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'छे रे' एवढंच येतं.

'हो' म्हणाला तर भाषण देऊ नका. पोराबाळांची आठवण करून देऊ नका, तो त्यांच्याच काळजीने आधीच पिचलेला असतो. ऐका. कसं, कधी असं काही ठरवलंय का ते विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, तडक रुग्णालयात न्या. १०८ ला अँब्युलन्स, ११२ ला आपत्कालीन मदत मिळते. घरातलं कीटकनाशक, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. हे किरकोळ वाटतं, पण मरणाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन मागितलं तर देऊ नका. मैत्री तुटली तर तुटू दे, माणूस राहायला हवा.

एखादा फार दिवस खचलेला माणूस अचानक शांत झाला, उसनवारी फेडू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर निश्चिंत होऊ नका. त्या संध्याकाळी त्याच्या घरी जा.

प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलीस केस होते का?

रुग्णालयात नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याला उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. त्या उशिराने माणसं गेली आहेत.

घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, देवऋषीकडे नेऊ.

देवाला जायचं तर जा. आई अंगारा लावते त्यात तिची माया असते, ती तोडू नका. पण गोळी बंद करायला सांगणारा, मारझोड करणारा, साखळीने बांधणारा कुणी असेल तर तिथून उठून या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, डांबून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराष्ट्रात गुन्हा आहे.

मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, चौथं वर्ष. फोनवर 'हो, ठीक' एवढंच बोलतो.

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत असे शेकडो आहेत. सकाळी सातला जागा धरायची, मेसचा एक वेळचा डबा दोन वेळा पुरवायचा, निकालाच्या दिवशी मोबाइल बंद करून ठेवायचा. घरी गेलं की गावातला प्रत्येक जण 'काय साहेब, कधी?' विचारणार, म्हणून सणालाही जायचं नाही.

त्याला निकालाबद्दल विचारू नका. एखाद्या आठवड्यात न सांगता जाऊन त्याच्यासोबत जेवा. बिछाना, कपडे, चेहरा पाहिलात की फोनवर न कळलेलं कळेल. आणि वडिलांनी एक वाक्य मोठ्याने बोलून दाखवावं, मनात ठेवून उपयोग नाही : 'नाही झालं तरी तू परत ये, घर आहे.' मुलांना हे माहीत असेल असं वडिलांना वाटतं. मुलांना ते माहीत नसतं. ओपीडीत एका पोराने हे वाक्य वडिलांच्या तोंडून प्रथम ऐकलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

मला मदत हवी आहे, पण बोलायला सुरुवात कशी करू?

आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. सगळी कहाणी सांगायचीही नाही. एका माणसाला एक खरं वाक्य सांगा. 'मला झोप येत नाही.' 'माझं काहीतरी बिघडलंय.' 'माझ्यासोबत दवाखान्यात येशील का?' तोंडाने जमत नसेल तर मेसेज करा. पहिल्या माणसाने 'जास्त विचार करू नको रे' म्हणून उडवून लावलं तर दुसरा निवडा. पहिल्याला कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुणीच आठवत नसेल तर १४४१६.

मी पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच बहिणीला फोन लावला होता. बोलायचं ठरवलं होतं बरंच, निघालं एवढंच : 'ताई, तीन आठवडे झाले, झोप नाही.' पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, 'उद्या सकाळच्या एसटीने निघते.' साडेनऊला ती दारात होती, मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. तिने काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली, चहा टाकला, आणि माझी चप्पल दारापाशी सरळ करून ठेवली.